पडद्यावरचा मार्गदर्शक आणि कारखान्यातला मार्गदर्शक

लहान आणि मध्यम उद्योगांच्या मालकांना धंदा कसा चालवावा याविषयी मोबदला घेऊन मार्गदर्शन करणारा ‘बिझनेस कोच’ आता महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत, व्यापारी पेठांत आणि व्यावसायिकांच्या मेळाव्यांत चांगलाच परिचयाचा झाला असून, मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर त्याच्या कामाचा मोठा भाग मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन स्थिरावला आहे. साहजिकच असे मार्गदर्शन घेऊ पाहणाऱ्या मालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कोच आपल्याकडे येणारा असावा की ऑनलाइन भेटणारा, हा. या प्रश्नाचा विचार बहुधा फी, वेळ आणि सोय या तीन मापांनी केला जातो आणि ही मापे चुकीची आहेत असे नाही. परंतु या विषयावर झालेले चांगले संशोधन बारकाईने पाहिले, तर खरे निर्णायक माप निराळेच असल्याचे दिसते. धंद्यातील दोष जिथे दडलेला आहे तिथपर्यंत मार्गदर्शकाची नजर पोहोचते की नाही, हे ते माप होय. जो दोष मालकाला माहीत आहे आणि जो तो शब्दांत सांगू शकतो, त्यावर दूर बसलेला मनुष्यही उत्तम उपाय सुचवू शकतो. जो दोष मालकाला दोष म्हणून दिसतच नाही, त्याच्यासाठी मात्र कोणीतरी उंबरठा ओलांडून आत यावे लागते.

मार्गदर्शनाचे तीन प्रकार बाजारात एकाच नावाखाली विकले जात असल्याने त्यांतील भेद आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. नेमक्या अर्थाने ‘कोचिंग’ म्हणजे प्रश्न विचारून समोरच्याला त्याचे उद्दिष्ट, त्याची आजची स्थिती, त्याच्यापुढील पर्याय आणि त्याचा निश्चय यांबाबत स्वतःच स्पष्टता आणायला लावणे. या पद्धतीत कोच उत्तर देत नाही, उत्तरापर्यंत नेतो. ‘मेंटॉर’ हा त्याच वाटेने आधी चालून गेलेला अनुभवी व्यावसायिक असतो आणि तो आपला अनुभव सरळ सांगतो. ‘सल्लागार’ किंवा कन्सल्टंट हा स्वतः तपासणी करून दोष शोधतो आणि दुरुस्तीची योजना हाती देतो. मराठी मुलखातील लहान उद्योजक ‘कोच’ म्हणून ज्याला बोलावतो त्याच्याकडून त्याला बहुतेक वेळा या तिन्हींचे मिश्रण हवे असते, आणि ऑनलाइन व प्रत्यक्ष यांची तुलना करताना याच मिश्रणामुळे गोंधळ होतो, कारण या तीन कामांपैकी प्रत्येकाला समोरासमोर असण्याची गरज सारखी नाही.

पहिल्या प्रकाराचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. अमेरिकेतील टेनिस-प्रशिक्षक टिमथी गॅलवे यांनी १९७४ मध्ये ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक लिहून असे मांडले की, खेळाडूला सतत सूचना देण्यापेक्षा त्याचे लक्ष योग्य ठिकाणी वळवले तर तो अधिक चांगले शिकतो. ब्रिटनमधील सर जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मधील आपल्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या पुस्तकातून तोच विचार कंपन्यांच्या कामकाजात आणला आणि वर उल्लेखिलेली उद्दिष्ट, स्थिती, पर्याय, निश्चय ही चार पायऱ्यांची पद्धत लोकप्रिय केली. मात्र कोचिंगला स्वतंत्र पेशाचे रूप दिले ते थॉमस लेनर्ड या अमेरिकी वित्तनियोजकाने. त्याने १९९२ मध्ये ‘कोच यू’ ही प्रशिक्षणसंस्था काढली आणि १९९५ मध्ये, आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेची स्थापना केली. त्याच्या संस्थेतील वर्ग टेलिफोनवरून भरत असत. म्हणजे ऑनलाइन कोचिंग ही महामारीने नाइलाजाने आणलेली दुय्यम आवृत्ती आहे, ही सर्वत्र आढळणारी समजूत इतिहासाला धरून नाही. प्रश्न विचारून विचार करायला लावणारे कोचिंग अगदी सुरुवातीपासूनच अंतरावरून चालत आलेले आहे. याच्या दुसऱ्या टोकाला बिल कॅम्बेल यांचे उदाहरण ठेवता येते. कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक राहिलेले हे गृहस्थ पुढे अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स आणि गूगलचे एरिक श्मिट यांचे मार्गदर्शक झाले, आणि त्यांची सारी रीत प्रत्यक्ष सहवासाची होती: सोबत फेरफटका मारणे, बैठकीत कोपऱ्यात बसून कोण कोणाशी कसे बोलतो हे पाहणे, आणि मग एकेकाला बाजूला घेऊन बोलणे.

प्रत्यक्ष मार्गदर्शनाने नेमके काय साधते याचा आजवरचा कदाचित सर्वांत काटेकोर पुरावा मुंबईच्या उत्तरेला असलेल्या कापडगिरण्यांतून आलेला आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर आणि त्यालगत गुजरातच्या हद्दीत असलेले उंबरगाव या दोन ठिकाणच्या विणकाम कारखान्यांत २००८ ते २०१० या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँक यांच्याशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या प्रयोगात १७ कंपन्यांचे २८ कारखाने होते. कंपन्या कौटुंबिक मालकीच्या होत्या आणि प्रत्येकीत सरासरी सुमारे २७० माणसे काम करत होती. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ११ कंपन्यांना एक महिना तपासणी आणि चार महिने अंमलबजावणी अशी पाच महिने एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या भारतीय तज्ज्ञांची सेवा विनामूल्य देण्यात आली, तर उरलेल्या ६ कंपन्यांची तुलनेसाठी केवळ तपासणी झाली. सल्लागारांनी व्यवस्थापनाच्या ३८ साध्या सवयींची यादी केली होती आणि त्यांतील जास्तीत जास्त सवयी कारखान्यात रुजवणे हे त्यांचे काम होते. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी आणखी कारखाने उघडायला सुरुवात केली.

या ३८ सवयींत डोळे दिपवणारे काही नव्हते, आणि नेमके तेच या प्रयोगाचे महत्त्व आहे. सल्लागार आत शिरले तेव्हा अनेक कारखान्यांत हत्यारे आणि सुटे भाग जमिनीवर विखुरलेले होते, मागांच्या आसपास धूळ आणि तंतूंचा कचरा साचलेला होता, गोदामात सुताची पोती कोणत्या रंगाची, कोणत्या जाडीची आणि कधी आलेली याची चिठ्ठी न लावता एकावर एक रचलेली होती, आणि ओल लागून त्यांतील काही सूत खराब होत होते. माग बिघडला की तो दुरुस्त होई, पण बिघडण्याआधी ठरावीक काळाने देखभाल करण्याची पद्धत नव्हती. कापडात दोष आला की तो शेवटी हाताने रफू करून काढला जाई, पण कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणत्या प्रकारचे दोष वारंवार येतात याची रोजची नोंद ठेवून मुळाशी जाण्याचा प्रयत्न होत नसे. सल्लागारांनी सुताच्या पोत्यांवर चिठ्ठ्या लावल्या, साठ्याची वही सुरू केली, दोषांची प्रकारवार नोंद ठेवायला लावली आणि रोज सकाळी कारखान्याचा व्यवस्थापक व विभागप्रमुख यांना आदल्या दिवशीच्या आकड्यांवर उभ्याउभ्या बैठक घ्यायला शिकवले. रफूच्या कामात अडकलेली माणसे मोकळी झाली, पडून राहणारे सूत कमी झाले आणि त्यात गुंतलेले खेळते भांडवल सुटले.

मालकांनी हे आधीच का केले नव्हते, याचा शोध संशोधकांनी घेतला, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा त्या उत्तरातच सापडतो. काही सवयी अशा होत्या की त्या असतात हेच मालकांना ठाऊक नव्हते. आणि ज्या ठाऊक होत्या, उदाहरणार्थ दर्जाची मोजणी, त्यांची आपल्याला गरज नाही अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती, कारण शेजारच्या कारखान्यांच्या मानाने आपला माल बरा आहे असे त्यांना दिसत होते. अशा मालकाला व्हिडिओ कॉलवर ‘आपल्या कारखान्यातील मुख्य अडचण काय’ असे विचारले असते, तर त्याने कामगार टिकत नाहीत, सुताचे भाव चढे आहेत, पेमेंट वेळेवर येत नाही अशी खरीच उत्तरे दिली असती. गोदामातील ओल लागलेल्या पोत्यांचा विषय त्याच्या तोंडून निघाला नसता, कारण ती पोती त्याच्या नजरेला इतकी सवयीची झाली होती की ती अडचण म्हणून जाणवतच नव्हती. मोबाइलचा कॅमेरा फिरवून कारखाना दाखवता येतो हे खरे, पण कॅमेरा कुठे वळवायचा हे पुन्हा मालकच ठरवतो. प्रत्यक्ष आलेला माणूस न विचारता मागच्या दाराने बाहेर जाऊन पाहू शकतो, पाळी बदलताना थांबू शकतो, मुकादम मालकासमोर जे बोलत नाही ते चहाच्या टपरीवर ऐकू शकतो. उत्पादन, दुरुस्ती, साठा, स्वयंपाकघर, सेवाकेंद्र अशा हाताने चालणाऱ्या धंद्यांत याला पर्याय नाही, असे ठामपणे म्हणता येते.

पडद्यावरच्या संभाषणाच्या काही मर्यादा तर केवळ मानवी संवादाच्या घडणीतूनच येतात. जगातील दहा भाषांची तपासणी करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर सर्वत्र फार थोडे, साधारणतः सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे असते. नेटवर्कमुळे त्यात थोडी जरी भर पडली तरी लय मोडते, दोघे एकदम बोलू लागतात किंवा दोघेही थांबतात. आणि जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की अशा वेळी ऐकणारा त्या विलंबाचा दोष यंत्राला न देता समोरच्या माणसाला देतो, त्याला तो माणूस लक्ष न देणारा वाटू लागतो. मालकाने नुकसानीचा आकडा सांगितल्यावर पडलेली शांतता ही विचाराची आहे की नेटची, हे ज्याला कळत नाही त्या कोचच्या हातून संभाषणातील सर्वांत मोलाचा क्षण निसटतो.

यापेक्षा अधिक उपयोगी निष्कर्ष ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २०२२ मध्ये मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव यांनी मांडला. प्रयोगशाळेतील ६०२ व्यक्ती आणि एका दूरसंचार कंपनीच्या पाच देशांतील १,४९० अभियंते यांच्या जोड्या करून त्यांनी काहींना एका खोलीत समोरासमोर आणि काहींना व्हिडिओवर नव्या कल्पना सुचवायला सांगितले. व्हिडिओवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या, कारण त्यांची नजर पडद्यावरच्या चेहऱ्याला खिळून राहिली आणि नजर आकुंचली की विचारही आकुंचतो. खोलीत बसलेली माणसे मात्र इकडेतिकडे पाहतात आणि त्या भटकणाऱ्या नजरेबरोबर मनही नव्या दिशांना जाते. मात्र सुचलेल्या कल्पनांमधून कोणती घ्यावी हे ठरवण्याच्या कामात व्हिडिओवरचे गट मागे पडल्याचा पुरावा मिळाला नाही. धंद्याच्या भाषेत याचा अर्थ असा घेता येईल की, कोणते नवे उत्पादन काढावे, दुसरी शाखा कुठे काढावी, मुलाला धंद्यात कोणती जबाबदारी द्यावी अशा मोकळ्या चिंतनासाठी एकत्र बसणे श्रेयस्कर, आणि तीन पर्याय समोर आल्यावर त्यांचे हिशेब ताडून एक निवडण्यासाठी ऑनलाइन भेट पुरेशी आहे.

येथपर्यंतचा पुरावा प्रत्यक्ष भेटीच्या बाजूने झुकणारा वाटत असला, तरी पडद्याच्या पलीकडूनही धंदे वाढवता येतात हे युगांडातील एका मोठ्या प्रयोगाने दाखवून दिले आहे. तेथील ९३० लहान उद्योजकांपैकी काहींना परदेशांतील अनुभवी व्यावसायिक स्वयंसेवक इंटरनेटवरून आणि फोनवरून जोडून देण्यात आले. त्यातही ज्यांना विपणनक्षेत्रातील, म्हणजे ग्राहक कोण, त्याला काय हवे आणि ते कोणत्या किमतीला कसे पोहोचवावे यांतील जाणकार मिळाले, त्यांची मासिक विक्री सरासरी ५१.७ टक्क्यांनी आणि नफा ३५.८ टक्क्यांनी वाढल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. तारापूरमध्ये सल्लागारांनी हत्यारांची जागा बदलली. युगांडात मार्गदर्शकांनी मालकाचा ग्राहकाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. दुसऱ्या प्रकारच्या बदलासाठी कारखान्यात येण्याची गरज नव्हती, गरज होती ती त्या विषयातील योग्य माणूस मिळण्याची, आणि असा माणूस त्या गावात नव्हता. ऑनलाइन मार्गदर्शनाचे सर्वांत मोठे सामर्थ्य हेच होय. नांदेडमध्ये डाळप्रक्रियेचा उद्योग चालवणाऱ्याला निर्यातीचे बारकावे मराठीत समजावून देणारा माणूस दुबईत असेल, तर प्रवासखर्चाने आजवर अशक्य असलेली ती गाठ पडद्यामुळे पडू शकते.

शिवाय मार्गदर्शनाचे काही काम पडद्यावरच अधिक चांगले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. हिशेबाचे विषय त्यांत पहिले. मालकाने आपला टॅलीचा पडदा कोचला दाखवला की येणे रकमांची तीस, साठ आणि नव्वद दिवसांनुसार विभागणी दोघांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी येते. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी किती दिवस अडकली आहे, त्याच गिऱ्हाइकाला नवा माल कोणत्या तारखेला पाठवला, आणि तेवढ्यासाठी बँकेच्या कॅश क्रेडिटवर किती व्याज भरले हे तासाभरात उलगडते. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारांवर घातलेले आहे, पण मोठे गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने त्याचा आधार घेणारे थोडे. अशा वेळी कोणाला कोणत्या शब्दांत तगादा लावावा याचा मसुदा कोच आणि मालक पडद्यावर एकत्र बसून लिहू शकतात. दर आठवड्याला अर्ध्या तासाची अशी बैठक महिन्यातून एकदा होणाऱ्या दिवसभराच्या भेटीपेक्षा उपयोगी ठरते, कारण ठरवलेले काम झाले की नाही याची विचारणा लवकर होते.

ऑनलाइन कोचला आणखी एक फायदा मिळतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही, आणि तो म्हणजे परकेपणाचा. महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या गावांत एकाच धंद्यातील माणसे परस्परांची नातेवाईक, सोयरी किंवा प्रतिस्पर्धी असतात. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने गावातल्याच एखाद्या जाणकाराला आपला ताळेबंद दाखवला, तर ती बातमी सूत व्यापाऱ्यापर्यंत जाईल आणि उधारी आखडेल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. चीनमधील नानचांग शहरात २,८२० तरुण कंपन्यांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उद्बोधक आहे. त्यातील काही कंपन्यांच्या चालकांचे लहान गट करून वर्षभर दरमहा प्रत्यक्ष बैठका भरवल्या गेल्या, आणि केवळ तेवढ्याने त्यांची विक्री ८.१ टक्क्यांनी वाढली. पण गटातील माणसे परस्परांची स्पर्धक असतील तर उपयुक्त माहिती तितकीशी फिरत नव्हती, असेही दिसून आले. मराठी उद्योजकांचा ‘सॅटर्डे क्लब’, किंवा १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू होऊन भारतभर पसरलेली ‘बीएनआय’ अशा संघटनांच्या नियमित बैठकांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही या निष्कर्षातून समजतात: ओळख, पुरवठादार आणि गिऱ्हाईक मिळण्यासाठी एकत्र जमण्यासारखे साधन नाही, परंतु तोट्याची कबुली देण्याची ती जागा नव्हे.

मात्र परक्या माणसाला स्थानिक बाजार ठाऊक नसतो, आणि अगदी लहान धंद्यात तर स्थानिक बाजार हेच सारे काही असते. केनियाची राजधानी नैरोबी येथील दांडोरा या गरीब वस्तीत स्त्रियांच्या छोट्या धंद्यांवर केलेला प्रयोग हे स्पष्ट करतो. तेथे काही स्त्रियांना वर्गात बसवून व्यवसायशिक्षण दिले गेले आणि काहींना त्याच वस्तीतील यशस्वी व्यावसायिक स्त्री मेंटॉर म्हणून जोडून दिली गेली. वर्गातील शिक्षणाने नफ्यात फरक पडला नाही, मेंटॉरमुळे तो सरासरी २० टक्क्यांनी वाढला, आणि दोघींच्या भेटी थांबल्यावर ती वाढही ओसरली. मेंटॉरने दिलेले ज्ञान बहुतांशी साधे होते, जसे की कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडे माल स्वस्त मिळतो. पण ते ज्ञान त्या वस्तीपुरतेच खरे होते, आणि दूर देशातल्या कोणत्याही तज्ज्ञाला ते सांगता आले नसते. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने ग्रामीण स्त्रियांसाठी २००६ पासून चालवलेल्या व्यवसायशाळेत, पुढे बसमध्येच वर्ग थाटून गावोगावी जाण्याची जी वाट धरली, तिच्यामागचे शहाणपण याच जातीचे आहे. घर, शेत आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईला शहरातल्या शिबिराला जाणे अवघड, तसेच घरातला एकच स्मार्टफोन मुलाच्या हातात असताना ठरल्या वेळी ऑनलाइन बसणेही अवघड. तिच्यासाठी दाराशी आलेला वर्ग हा दोन्हींहून सरस उपाय आहे.

माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनच सल्ला घेण्याचा मार्गही आता खुला झाला आहे. केनियातील ६४० उद्योजकांवर झालेल्या प्रयोगात काहींना व्हॉट्सअ‍ॅपवरून जीपीटी-४ वर चालणारा मार्गदर्शक देण्यात आला. सरासरी परिणाम शून्यवत आला, परंतु आधीच चांगली कामगिरी करणाऱ्यांची स्थिती सुमारे १५ टक्क्यांनी सुधारली आणि दुबळ्या धंद्यांची सुमारे ८ टक्क्यांनी खालावली. दुबळ्या उद्योजकांनी विचारलेले प्रश्न अधिक कठीण होते, असे संशोधकांना आढळले. ज्याला योग्य प्रश्न विचारता येतो आणि आलेल्या सल्ल्यातून निवड करता येते त्यालाच या साधनाचा लाभ होतो, म्हणजे ज्याला मार्गदर्शनाची गरज सर्वाधिक आहे त्याच्या हाती ते देणे आज तरी जोखमीचे आहे.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष या दोन पद्धतींत परिणामाच्या दृष्टीने फरक नाही, असे सांगणारे कोच बहुधा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणाकडे बोट दाखवतात. त्या विश्लेषणात १७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करण्यात आली होती आणि केवळ समोरासमोर दिलेले कोचिंग व समोरासमोर भेटींना दूरस्थ संवादाची जोड दिलेले कोचिंग यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. या निष्कर्षाचा आवाका समजून घेतला पाहिजे. ही तुलना निव्वळ ऑनलाइन पद्धतीशी नव्हती, आणि त्या अभ्यासांचा विषय प्रामुख्याने संस्थांमधील कर्मचाऱ्यांचे कोचिंग हा होता. ज्याचे गोदाम, मशीन आणि उधारी एकमेकांत गुंतलेली आहेत अशा मालकाला तो जसाच्या तसा लागू करणे योग्य नाही. त्यातून निघणारा खरा उपयुक्त बोध इतकाच की भेटींच्या जोडीला दूरस्थ संवाद ठेवल्याने काही बिघडत नाही.

बाजारातील आजची स्थिती मात्र काळजी वाटावी अशी आहे. शेअर्ससंबंधी फी घेऊन सल्ला देणाऱ्याला २०१३ च्या नियमांनुसार सेबीकडे नोंदणी करावी लागते; व्यवसाय कसा चालवावा हे सांगणाऱ्यावर तसे बंधन नाही, आणि कोणीही स्वतःला बिझनेस कोच म्हणवून घेऊ शकतो. त्यामुळे विनामूल्य वेबिनार, त्यात पुढच्या महागड्या कोर्सची घाईघाईने करायला लावलेली नोंदणी, आणि नंतर आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या व्याख्यानांचा संच अशी एक साखळी तयार झाली आहे; दुसरीकडे हजार माणसांच्या सभागृहात संगीत आणि टाळ्यांच्या गजरात होणारी दोन दिवसांची शिबिरेही ‘प्रत्यक्ष कोचिंग’ म्हणून खपवली जातात. पहिल्यात ऑनलाइन पद्धतीचे सामर्थ्य असलेली वारंवार विचारणा नाही आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष पद्धतीचे सामर्थ्य असलेली तपासणी नाही. कर्ज काढून फी भरणाऱ्या लहान दुकानदारांची संख्या ध्यानात घेतली, तर हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे तीन पातळ्यांवर मिळतात आणि त्यांसाठी अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २,५०० तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो. त्यावरून कोचचा सराव कळतो, पण त्याला धंदा कळतो की नाही ते कळत नाही. म्हणून मालकाने त्याला नेमके प्रश्न विचारावेत: पहिल्या महिन्यात आपण किती वेळा जागेवर येणार, कामगारांशी आणि हिशेबनिसाशी बोलणार की फक्त माझ्याशी, आमच्या धंद्यात किंवा त्याला लागून असलेल्या धंद्यात कोणाबरोबर काम केले आहे आणि त्याच्याशी बोलता येईल का, ऑनलाइन भेटींचे ध्वनिचित्रमुद्रण होणार असेल तर ते कोणाकडे राहणार.

खर्चाच्या बाबतीत कोलंबिया या देशातून आलेला एक निष्कर्ष आपल्याकडील औद्योगिक वसाहतींना विशेष उपयोगी पडणारा आहे. तेथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या १५९ कंपन्यांपैकी काहींना स्वतंत्र सल्लागार आणि काहींना लहान गटात एकत्रित मार्गदर्शन देण्यात आले. दोन्हींत व्यवस्थापनाच्या सवयी जवळपास सारख्याच सुधारल्या, आणि गटाचा खर्च मात्र सुमारे एक तृतीयांश आला. चाकण, सातपूर किंवा वाळूज येथील पाच-सहा बिगरस्पर्धक लघुउद्योजकांनी मिळून एक जाणकार बोलावला, त्याने प्रत्येकाच्या शेडमध्ये दोन-दोन दिवस घालवून तपासणी केली, सर्वांनी आळीपाळीने एकमेकांचे कारखाने पाहिले, आणि त्यानंतरची सहा-आठ महिन्यांची साप्ताहिक विचारणा ऑनलाइन ठेवली, तर तारापूर, नानचांग आणि युगांडा या तिन्ही ठिकाणच्या अनुभवांतले जे ग्राह्य आहे ते आवाक्यातल्या फीमध्ये मिळू शकते. छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून, आणि पुण्याचे मराठा चेंबर १९३४ पासून या क्षेत्रात आहेत. असे गट जुळवून देण्याचे काम अशा संस्थांनी हाती घेतले, तर एकट्या मालकाला योग्य मार्गदर्शक शोधण्याचा त्रास वाचेल.

या सगळ्यात ऑनलाइन भेटी किती काळ चालू ठेवाव्यात, या प्रश्नाचे उत्तरही तारापूरनेच दिलेले आहे. ब्लूम आणि त्यांचे सहकारी २०१७ मध्ये त्याच कारखान्यांत परत गेले, तेव्हा मूळ प्रयोगातील कारखान्यांत रुजवलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या सुटून गेल्या होत्या. तरीही सल्ला न मिळालेल्या कारखान्यांच्या तुलनेत हे कारखाने स्पष्टपणे पुढे होते, आणि काही सवयी त्याच मालकांच्या इतर कारखान्यांतही पसरल्या होत्या. सवयी का सुटल्या असे विचारल्यावर जी कारणे वारंवार सांगितली गेली त्यांत दोन ठळक होती: कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, आणि मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही. सल्लागार गेल्यानंतरच्या त्या वर्षांत नवा व्यवस्थापक आला की त्याला दोषांची वही आणि सकाळची बैठक समजावून सांगणारे, आणि महिन्यातून एकदा मालकाला वहीची पाने कॅमेऱ्यासमोर धरायला लावणारे बाहेरचे कोणी नव्हते. हे काम दूरवरून, फोनवरून, अगदी थोड्या खर्चात करता येण्याजोगे आहे, आणि कोचशी करार करताना त्याचा कालावधी महिन्यांत न मोजता वर्षांत मोजून, व्यवस्थापक बदलल्यास पुन्हा एक प्रत्यक्ष भेट असे कलम त्यात आधीच घालून घेता येते.